घाट उतरण्याआधी, वाळूत उतरण्याआधी

संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळा, टुनकी या आमच्या पट्ट्यातून कोकणात जाणाऱ्या गाड्या आता वाढल्या आहेत. पूर्वी आमच्याकडचा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, नाहीतर शिर्डी-त्र्यंबकेश्वर. आता सोयाबीन विकून हातात पैसा आला आणि पोरांना दिवाळीची सुट्टी लागली की घरातली माणसं समुद्र पाहायला निघतात. आम्ही जाऊन आल्यापासून जो तो घरी येऊन विचारतो, 'किती किलोमीटर पडते? एका दिवसात होते का?' मी त्यांना सांगतो, बाबा रे, किलोमीटर विचारू नको. सह्याद्रीत आणि खाडीकाठी अंतर तासांत मोजावं लागतं. आणि ते तासही आपण ठरवत नाही. उतार, धुकं, अंधार आणि भरती-ओहोटी ठरवतात.

आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. अंबाबरव्याचा डोंगर रोज सकाळी अंगणातून दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की डोंगर आपल्याला ठाऊक आहे. खरं म्हणजे आपण पूर्णेच्या खोऱ्यातली सपाटीवरची माणसं आहोत. आपल्या पोरांचं गाडी चालवणं शेगाव-खामगावच्या सरळ रस्त्यावर आणि काळ्या मातीच्या पांदणीत शिकलेलं असतं. बुलडाण्याचा राजूर घाट किंवा बोथ्याच्या जंगलातला रस्ता चारदोनदा पार केला की घाट येतो असं त्यांना वाटायला लागतं. राजूर घाट चांगलाच आहे, पण तो लवकर संपतो, आणि ब्रेक तापायच्या आत संपतो. सह्याद्रीचा घाट तसा संपत नाही.

आम्ही तुळशीचं लग्न लावून निघालो. सात आसनांची गाडी, पुतण्या चालवायला, शेजारी मी. मागे माझी आई, बायको, भाऊ, वहिनी आणि पुतणी. टपावर कॅरियर, त्यावर बॅगा, गाद्या, फराळाचे डबे आणि पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन. कराडला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाकडे निघालो.

देशावरून कोकणाकडे जाताना एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती इथे सांगतो. पूर्वेकडून सह्याद्री चढल्याचं कळतच नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला हा पहाड पूर्वेला हलक्या उताराचा आहे आणि पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला. आपण नद्यांच्या काठाकाठाने, उसाच्या मळ्यांमधून, आरामात वर आलेलो असतो. कोयनेचा शिवसागर जलाशय मागे पडतो, हवा गार होते, गाणी चाललेली असतात. एका वळणावर समोरची जमीन संपते आणि खाली, पार खाली, निळसर कोकण दिसतं. त्या क्षणी सगळे खिडकीकडे वळतात. गाडीत आवाज होतो, कुणी फोन काढतं, कुणी म्हणतं थांबव. ते दृश्य खरोखरच डोळ्यांत मावत नाही. पण ड्रायव्हरसाठी खरं काम तिथूनच सुरू होतं, आणि त्याच्या मनाची तयारी सपाटीचीच राहिलेली असते.

पुतण्या चौथ्या गिअरमध्ये उतरत होता. वेग जास्त नव्हता. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण झालं की सोडायचा, पुढच्या वळणाला पुन्हा ब्रेक. असं बराच वेळ चाललं. वहिनीला जळका वास आला. तिला वाटलं खाली कुठे वणवा असेल. मग पुतण्या अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, ब्रेक लागून नाही राह्यला." त्याने पाय पूर्ण दाबला होता आणि पॅडल गाडीच्या तळाला टेकलं होतं. गाडी थांबण्याऐवजी वेग घेत होती.

त्या पोराने दोन गोष्टी बरोबर केल्या आणि त्यामुळे आज मी हे लिहितो आहे. त्याने गाडी न्यूट्रल केली नाही, इंजिन बंद केलं नाही. गिअर तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर आणला. इंजिन ओरडलं, गाडीला झटका बसला, पण वेग तुटला. मग त्याने दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, चाकं पाण्याच्या चरात घातली आणि हँडब्रेक हळूहळू ओढत आणला. डावीकडचं दार खडकाला घासत गेलं आणि गाडी थांबली. आईने गजानन महाराजांचं नाव घेतलं. बाकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

खालून एक एसटी वर येत होती. ड्रायव्हरने धूर पाहून गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरला. माझ्या भावाने चाकावर ओतायला पाण्याचा कॅन काढला होता. ड्रायव्हरने तो आधी त्याच्या हातातून काढून घेतला. "पाणी नका मारू दादा, तापलेली डिस्क तडकते. अर्धा-पाऊण तास बसू दे तशीच. आजीला त्या सावलीत बसवा." मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतरायचा." एवढं सांगून तो गेला. प्रवासी खोळंबले होते तरी कुणी कुरकुर केली नाही.

झालं काय होतं ते चिपळूणच्या मेकॅनिकने नीट समजावलं, आणि ते प्रत्येक गाडीवाल्याने समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारी यंत्रणा. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकच्या मध्ये डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. लांब उतारावर मिळत नाही. पॅड तापून गुळगुळीत होतात, त्यांची पकड जाते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल मऊ पडून खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते जुनं झालं की कमी उष्णतेलाच उकळतं. आमच्या गाडीतलं ऑइल काळपट झालं होतं. वर सात माणसं, टपावरचं वजन, पाण्याचे कॅन. सर्व्हिसिंग केली की इंजिन ऑइल बदललं जातं, पण ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा बदलायचं असतं हे गॅरेजवाल्याला आठवण करून सांगावं लागतं. निघण्याच्या आठ दिवस आधी हे करून घ्या. खर्च किरकोळ आहे.

उतार सुरू होण्याच्या आधीच गिअर खाली आणा. उतार लागल्यावर आणू म्हणू नका. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणाला टेकवायचा राहतो. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे वीर आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि घाटातले ड्रायव्हर तो पाळतात. आपल्याकडच्या गाड्या पाळत नाहीत आणि मग अरुंद वळणावर दोन्हीकडे रांग लागते. प्रत्येक आंधळ्या वळणाला हॉर्न द्या. धुक्यात लांबचा दिवा लावू नका. धुकं पांढरं भिंतीसारखं उभं राहतं आणि आहे तेही दिसेनासं होतं.

गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसवा, आणि घाटाच्या आधी त्याला तळलेलं खायला देऊ नका. हे लहान वाटेल. पण मागे कुणी ओकायला लागलं की ड्रायव्हरचं लक्ष आरशात जातं, आणि घाटात तेवढं पुरतं.

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि आपल्या जिल्ह्यातून मेहकर, दुसरबीड, सिंदखेड राजा इथून त्यावर चढता येतं. लोक म्हणतात, पहाटे मेहकरहून निघू आणि रात्री समुद्रावर जेवू. या बेताची मला खरोखर भीती वाटते. त्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास स्टिअरिंग हलवावं लागत नाही, मन सुन्न होतं, आणि असा थकलेला माणूस संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी येतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या सकाळी आपल्या जिल्ह्यातलं एकही घर असं नव्हतं जिथे ती बातमी ऐकून घास अडला नसेल. सपाट रस्त्यावर रात्रीची ही गत, तर घाटात काय. म्हणून देशावर मुक्काम करा. कराड, सातारा, पुणे, कुठेही. रात्री झोपा आणि सकाळी ऊन पडल्यावर घाट उतरा. अर्धा दिवस जातो असं वाटतं, पण घाट पाहायचा तर तो उजेडातच दिसतो.

घाट ओळखीचा आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. कोकणातलीच माणसं, घाटात वाढलेली. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वर येऊ शकला.

पावसाळ्याबद्दल मी फार बोलत नाही, एवढंच म्हणतो की आपल्यासारख्यांनी कुटुंब घेऊन पावसाळ्यात हे घाट करू नयेत. धबधब्यांची चित्रं पाहून मोह होतो. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली आणि त्याच दिवशी चिपळूण पाण्यात बुडालं होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. अंधारात पूल आहे की नाही हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नव्हता. आपण तर हे समजू शकतो. जुलै २०२३ मध्ये आपल्याच संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्यातलं पाणी एका रात्रीत कसं गावांत शिरलं ते आपण पाहिलं आहे. डोंगराचं पाणी खाली यायला वेळ घेत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही थोडं दिसो, अलीकडे थांबा. वरंधसारखे घाट पावसाळ्यात प्रशासन वाहतुकीला बंद करतं. निघण्याआधी त्या त्या जिल्ह्याची सूचना पाहा, आणि घाट बंद असेल तर गावातल्या माणसाने चोरवाट दाखवली तरी जाऊ नका.

चिपळूणला गाडी दुरुस्त करून आम्ही गुहागरला पोचलो तेव्हा दिवस कलत होता. आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ ती काठावर उभी राहिली. मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाली, "आपल्या खालच्या वावरातल्या विहिरीचं असंच लागते बाप्पा, पण याच्याहून बरं." पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात उभा जन्म काढलेल्या बाईलाच ही तुलना सुचू शकते. तिला तिथे घेऊन गेलो याचं मला समाधान आहे. कोकणात जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांना तर आवर्जून न्या.

दुसऱ्या दिवशी हेदवीला बामणघळ पाहिली. किनाऱ्याच्या कातळात एक अरुंद चीर आहे, भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते आणि पाणी उंच उडतं. लोक तिच्या तोंडाशी फोटो काढायला जातात. काळा ओला कातळ कुठे निसरडा आहे ते डोळ्याला कळत नाही, आणि चार लाटा लहान आल्या की पाचवी किती मोठी येईल हे कुणी सांगू शकत नाही. कातळ जिथवर ओला दिसतो तिथवर समुद्र आजच येऊन गेला आहे, आणि पुन्हा येणार आहे. कोरड्या कातळावरूनच पाहा. तिथूनही सगळं दिसतं.

नकाशावर कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण सरळ दिसतो, पण त्याला जागोजागी खाड्यांनी कापलेलं आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची. सगळ्या खाड्यांवर अजून पूल झालेले नाहीत. म्हणून गाड्या फेरीबोटीतून नेतात. वाशिष्ठीच्या खाडीवर धोपावे ते दाभोळ, सावित्रीच्या खाडीवर वेशवी ते बागमांडला, शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड, मुरूडकडे दिघी ते आगरदांडा. दाभोळची फेरी २००३ मध्ये सुरू झाली, आणि तिने तिथल्या माणसांचा किती मोठा वळसा वाचवला ते जेट्टीवर उभं राहिल्यावर कळतं. फोनवरचा नकाशा या पाच-दहा मिनिटांच्या पाण्याची वेळ दाखवतो, पण सुट्टीतली गाड्यांची रांग दाखवत नाही. आमचा धोपाव्याला चांगलाच वेळ गेला. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या रात्रीच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून जावं लागतं. सावित्रीच्या खाडीसाठी पार आंबेतच्या पुलापर्यंत आत जाऊन परत किनाऱ्यावर यायचं, तेही अंधारात. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, लहान मुलांचा हात सोडू नका.

दापोली तालुक्यातल्या त्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रस्ता एकदा सड्यावर चढतो, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरून जातो आणि पुन्हा वळणं घेत खाडीला उतरतो. गावं झाडांत लपलेली, रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे. तासाला पंचवीस किलोमीटर धरून चाला. दाभोळला उतरेपर्यंत आमची दुपार टळली होती. हर्णै, आंजर्ले पाहायचं ठरलं होतं. ते सोडून दिवस मावळायच्या आत जिथे घर मिळालं तिथे थांबलो. पोरांनी तोंड पाडलं, पण अंधारात त्या उतारांवरून आईला घेऊन जायचं नव्हतं.

आता भरती-ओहोटीचं. समुद्राकाठच्या मुलांना जे दुसरीत कळतं ते आपल्याला म्हातारपणीही माहीत नसतं. आमच्या घरमालकाने, एका नारळी-पोफळीच्या बागायतदार आजोबांनी, एक हिशेब शिकवला. तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळीही आणि रात्रीही. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला हे पुरतं. पंचांग तर आपल्या प्रत्येक घरात खुंटीला टांगलेलं आहे.

या हिशेबातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांबही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी तेवढं हलत नाही. आणि आपल्या सुट्ट्या केव्हा येतात? लक्ष्मीपूजन अमावास्येला. कोजागरी, त्रिपुरी, होळी पौर्णिमेला. म्हणजे आपण नेमके उधाणाच्या दिवसांतच किनाऱ्यावर जातो. त्या दिवशी भरती दुपारच्या सुमाराला होऊन जाते आणि ऐन सूर्यास्ताला पूर्ण ओहोटी असते. वाळू लांबवर उघडी पडते, ओली, घट्ट, आरशासारखी चकचकीत. सूर्य बुडताना माणसं आत आत चालत जातात, गाड्याही नेतात. आणि पाणी परत येतं ते अंधार पडल्यावर.

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. मराठवाड्याकडची एक गाडी वाळूत उतरून पाण्याच्या कडेला गेली होती. फोटो काढेपर्यंत चाकं बसली. चालवणाऱ्याने अॅक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी खोल गेली. ओल्या वाळूत चाक जागेवर फिरलं की ते स्वतःचा खड्डा खणतं, आणि खालून पाणी येऊन वाळू सैल होते. पहिला तास पाणी फारसं वाढलं नाही, म्हणून त्यांना वाटलं वेळ आहे. भरती अशीच येते. सुरुवातीला सावकाश, मग तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात. गावातली पोरं ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आली तेव्हा पाणी दाराच्या वर होतं. माणसं सुखरूप निघाली. गाडी निघाली ती दुसऱ्या दिवशी, आणि खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेल्यावर गाडीचं काय उरतं ते सांगायला नको. आजोबा आमच्याजवळ उभे होते. ते म्हणाले, "दर सुट्टीला एखादी तरी येते हो. आम्ही सांगतो, गाडी वर ठेवा, पण ऐकत नाहीत."

किनाऱ्यावर गाडी नेणं बहुतेक ठिकाणी मनाईचं आहे, तसे फलक असतात. फलक नसला तरी नेऊ नका. आणि कुठे वाळूत चाक रुतलंच तर जोर करू नका. सगळ्यांना उतरवा, टायरमधली हवा बरीच कमी करा, चाकांपुढची वाळू उकरा, पायपुसणी किंवा झावळ्या घाला आणि हळू गिअर टाका. एका प्रयत्नात निघाली नाही तर गावात माणूस पाठवा, संकोच न करता.

हरिहरेश्वरला आपल्याकडची भाविक मंडळी हमखास जातात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव अशी दर्शनाची रीत. नंतर प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा डोंगराच्या कपारीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या कातळावर येते आणि लाटांच्या कडेने डोंगराला वळसा घालते. लाटांनी कोरलेला तो कातळ पाहत राहावा असा आहे. पण प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. भरतीच्या वेळी त्या वाटेवर लाटा येतात आणि तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. एवढ्या लांबून आलो आणि प्रदक्षिणा राहिली तर देव काय म्हणेल, असं आईला वाटत होतं. तिथल्या गुरुजींनी तिला समजावलं, "आजी, वरून हात जोडा, पोचतं." आम्ही भरती उतरेपर्यंत थांबलो, आणि धडधाकट होते तेवढेच खाली गेले.

पोहण्याबद्दल एकच सांगतो. विहिरीत सूर मारणारी आपली पोरं स्वतःला पट्टीची पोहणारी समजतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी ओहोटीला आत ओढतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी एका दुपारी बुडाले, आणि समुद्र त्या दिवशी खवळलेला नव्हता. गुडघ्यापर्यंत पाणी, हातात हात, तेही गावकरी जिथे हो म्हणतील तिथेच. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावं.

श्रीवर्धनहून शेखाडीमार्गे दिवेआगरला जाणारा रस्ता आमच्या प्रवासातला सगळ्यात सुंदर. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खडक आणि त्यावर फुटणारा समुद्र. तो रस्ता आम्ही सकाळी केला, इतका सावकाश की मागच्या दुचाक्या पुढे जात होत्या. दोनदा रुंद जागा पाहून गाडी पूर्ण रस्त्याबाहेर उभी केली आणि सगळे उतरले. वळणावर गाडी थांबवून फोटो काढणारे खूप दिसतात. मागून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. परत येताना ताम्हिणी घाटाने वर आलो. चढताना ब्रेकची चिंता नसते, इंजिन तापण्याकडे तेवढं लक्ष ठेवलं. आई काचेला डोकं टेकवून जंगल पाहत होती.

निघताना जवळ ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: जाड दोर, टॉर्च, हवा भरलेली स्टेपनी, चाकाखाली लावायला दोन ठोकळे, थोडी रोख रक्कम, कारण आडगावी फोनला रेंज नसते आणि फोनवरून पैसे जात नाहीत. टपावर जड सामान नको. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत, नुसते ड्रायव्हरला नकोत. दोन माणसं गाडी चालवणारी असली तर उत्तम, नसली तर मुक्काम वाढवा.

आणि आपल्या तालुक्यातून जो कोणी निघणार असेल त्याने जायची तारीख ठरवण्याआधी एकदा माझ्याकडे येऊन जावं. पंचांग घेऊन बसू, तुमच्या त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा मी कागदावर लिहून देईन. शक्य असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा, आणि गाडी चालवणाऱ्या पोराला सोबत आणा. कागद त्याच्याच हातात द्यायचा आहे.